दोनशे बाळंतविडे

दुपारी सव्वादोनला भिंतीपलीकडे फॅक्स मशीन किंचाळलं आणि पाऊण तास थोपटून झोपवलेली केतकी टक्क डोळे उघडून म्हणाली, "आफ्रिका!"

ओमानातल्या गाला या गॅरेजवस्तीतली दुपारची शांतता ही काही साधीसुधी शांतता नसते. सकाळपासून ठोकाठोक करणारी गॅरेजं, वेल्डिंगवाले, टायरवाले एकच्या ठोक्याला शटर ओढतात ते चारपर्यंत उघडत नाहीत. ऊन एवढं, की मांजरसुद्धा उभ्या ट्रकखालून हलत नाही. या तीन तासांत अश्लेषा स्वतःची स्वतः असायची. पोर झोपली, की अर्धा कप चहा घेऊन खिडकीशी बसायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही, हा तिचा दिवसभरातला एकमेव उद्योग. पण नेमकं त्याच वेळी मोझांबिकात सव्वाबारा वाजलेले असत, तिथली कचेरी ऐन भरात असे आणि तिथल्या माणसांना ओमानला फॅक्स करायची हुक्की येई.

हे मशीन खरं तर कंपनीच्या ऑफिसात असायचं. ते शेजारच्या पामेलाच्या बैठकीच्या खोलीत आलं ते अर्बाबांमुळे. अर्बाब म्हणजे कंपनीचे मालक. अश्लेषाचा नवरा अजिंक्य त्यांच्या गॅरेजात फोरमन होता आणि पामेला त्यांची सेक्रेटरी. अर्बाबांचं बालपण झांझिबारात गेलेलं, मामेभाऊ अजून त्या किनाऱ्यावर व्यापार करणारे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार साली, मोझांबिकात मोठा पूर आला तेव्हा त्यांनी एका प्रांतातली सतरा गावं दत्तकच घेतली. कुठे विहीर, कुठे शाळेचे पत्रे, कुठे दवाखान्याची औषधं, कुठे बियाणं. या सगळ्याची जुळवाजुळव त्यांनी सोपवली पामेला लोपीसवर. दुपारी ऑफिस बंद, म्हणून मशीन घरी.

निवडीमागे अर्बाबांचं एक शास्त्र होतं. पामेला वसईची. वसईत पोर्तुगीज होते. मोझांबिकातही पोर्तुगीज होते. म्हणजे पामेलाला पोर्तुगीज येणारच! सगळ्या इमारतीने यावर मान डोलावली.

"अहो, पोर्तुगीज वसईहून गेले त्याला अडीचशेच्या वर वर्षं झाली," पामेला कळवळून सांगायची. "आमच्याकडे माझी आजी शिव्यासुद्धा मराठीतच द्यायची."

पण ऐकतो कोण! शेवटी बिचारीने एक जाडजूड डिक्शनरी आणली, एकेक शब्द शोधत फॅक्स वाचायला सुरुवात केली, आणि दोन महिन्यांत तिला ती भाषा खरोखरच यायला लागली. अश्लेषाला खुपायचं ते हेच. या बाईला न येणारी गोष्टसुद्धा येत होती.

अश्लेषा बी.कॉम. होती, तेही फर्स्ट क्लास, चिपळूण केंद्रात दुसरी. पण तिच्या पासपोर्टावर फॅमिली व्हिसाचा शिक्का होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या व्यक्तीस काम करण्यास परवानगी नाही. पहाटे पाचला उठून डबे भरणाऱ्या बाईच्या पासपोर्टावर असं लिहायला सरकारला काही वाटलं नसेल का, हा प्रश्न तिला दर सकाळी कणीक मळताना पडत असे.

तरीही तिने ते सगळं पोटात घातलं असतं. चित्राचं मात्र तिला सहन झालं नाही.

केतकीला शाळेत 'माय फेव्हरिट पर्सन' काढायला सांगितलं होतं. तिने काढली पामेला: लाल फ्रॉक, कानाला फोन, मागे नकाशा आणि नकाशावर रंगीत टाचण्या.

"आणि मी कुठे आहे?" अश्लेषाने सहज विचारलं. सहज म्हणजे, आवाज कापू न देता जेवढं सहज विचारता येतं तेवढं.

"तू आहेस ना!" केतकीने कोपऱ्यातल्या तपकिरी चौकोनावर बोट ठेवलं. "हा किचनचा डोअर. तू इनसाइड आहेस."

अजिंक्य हसला. मग बायकोकडे बघून हसायचा थांबला. पण ते थांबणं अंमळ उशिरा झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी अश्लेषा वाटीभर शिरा घेऊन पामेलाकडे गेली. शिरा हे निमित्त होतं. तिला तो नकाशा बघायचा होता. भिंतभर पसरलेला प्रांत, लाल टाचणी म्हणजे मागणी स्वीकारलेली, निळी म्हणजे मदत पोचलेली. एका नदीकाठी मात्र एक पांढरी टाचणी एकटीच होती.

"ही कोणी उचलली नाहीये अजून," पामेला म्हणाली. "सिस्टर लोकांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे. पुरात सगळं वाहून गेलं. जन्मलेल्या बाळांना गुंडाळायला कापड नाही म्हणतात. बघते, रुवीच्या बाजारातून दोनशे टॉवेल मागवते."

"नवे?" अश्लेषा म्हणाली.

"नवेच. का?"

"तान्ह्या बाळाला कोणी नवं करकरीत कापड लावतं का? टोचतं ते. जुन्या सुती साडीचं दुपटं हवं. चांगलं वीसपंचवीस वेळा धुतलेलं."

"आमच्यातही जुन्या लुगड्याचंच असायचं गं. पण इथे वाळवंटात दोनशे दुपट्यांची लुगडी आणायची कुठून?"

"मी आणते," अश्लेषा म्हणाली.

हे वाक्य तिने म्हटलं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघालं होतं. पण केतकी दारात उभी होती. "आई, म्हणजे तिथे ब्लू पिन लागेल ती तुझी?" पोरीच्या डोळ्यांत जे काही चमकलं, ते पाहिल्यावर मागे फिरणं शक्यच नव्हतं. स्वयंपाकघराचं दार अखेर उघडणार होतं.

एका साडीची पाच दुपटी, म्हणजे चाळीस साड्या. गणित सोपं होतं; साड्या अवघड निघाल्या. आखातात आलेल्या बायका सणासमारंभाच्या रेशमी साड्या आणतात आणि एरवी गाऊनमध्ये वावरतात. जुनी, विरलेली, सुती साडी गावी आईच्या ट्रंकेत. बायकांनी उदार मनाने दिलं ते नायलॉन, जॉर्जेट आणि एकीने तर जरीच्या काठाचं काहीतरी, ज्यात गुंडाळलेलं बाळ थेट लग्नालाच नेता आलं असतं. अश्लेषाने सूर गावी ओळखीच्यांना निरोप धाडला, इब्री गावी चिठ्ठी पाठवली. इब्रीच्या बाजारात दापोलीकडच्या हुसैनमियाँचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी घरातल्या बायकांच्या जुन्या मलमलच्या ओढण्यांचं पोतं ट्रकवरून पाठवलं, सोबत चिठ्ठी: 'वहिनी, अजून लागलं तर सांगा, आमच्या आपा तुमच्या कामावर भारी खूश आहेत.' खालच्या मजल्यावरच्या मीराबाईंनी एक हिरवं लुगडं दिलं, पण त्या लुगड्याचा इतिहास ऐकायला सव्वा तास घेतला. मीराबाई मुलाकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि सल्ला द्यायला या देशात परवाना लागत नाही याचा त्यांना फार आनंद होता.

शेवटी दोन दुपटी कमी पडली. अश्लेषाने कपाटाच्या तळातून अजिंक्यचं धोतर काढलं.

"अगं, ते माझ्या लग्नातलं आहे!"

"मग? परत लग्न करणार आहात का?"

धोतर गेलं.

दोनशे दुपटी शिवून झाली, धुऊन झाली, आणि वाळत घालायची वेळ आली. आता या शहरात रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालायला बंदी आहे. शहर सुंदर दिसावं म्हणून. गालातल्या गंजलेल्या ट्रकांच्या रांगांनी ते आधीच किती सुंदर दिसतं, हा भाग वेगळा. अश्लेषाने गच्चीवर, कठड्याच्या आत, खाली दोऱ्या बांधल्या. पण दोनशे पांढरीहिरवी दुपटी लपतात होय? दुपारपर्यंत नगरपालिकेचा माणूस जिना चढून वर. "मदाम, ये क्या है? लाँड्री खोला है?" तिने हातांची झोळी करून बाळ झुलवून दाखवलं. तो दुपट्यांच्या रांगेकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि म्हणाला, "इतना?"

त्याने उद्यापर्यंतची मुदत दिली. वाऱ्याने तेवढीही दिली नाही. चारच्या सुमारास वाळवंटाकडून जी वावटळ उठली, तिच्यात साठ-पासष्ट दुपटी चिमट्यांसकट उडाली. अश्लेषा आणि केतकी खाली धावल्या तोवर गॅरेजांची शटरं उघडली होती. आणि गॅरेजवाल्याच्या दृष्टीने आकाशातून पडलेलं मऊ सुती कापड म्हणजे एकच गोष्ट असते: इंजिन पुसायचा फडका. एक दुपटं डिझेलच्या पंपावर, दोन गिअरबॉक्सवर. तिसऱ्या गॅरेजात एक ओळखीची पाठ वाकलेली दिसली.

"अहो!"

अजिंक्य वळला. हातात काळंकुट्ट झालेलं हिरवं दुपटं. "अगं, काय मस्त कापड आहे! ऑइल असं ओढून घेतं..." मग त्याने कापड उलटसुलट करून पाहिलं आणि मीराबाईंचा सव्वा तासाचा इतिहास ओळखला.

त्या संध्याकाळी अश्लेषाने जेवण वाढलं ते भांडी आपटत. शेजारून पामेला आली, तिने सगळं ऐकलं आणि हसलीसुद्धा नाही. "मी टॉवेल मागवू का गं थोडे? उरलेल्यांसाठी?" एवढंच म्हणाली. यापेक्षा ती हसली असती तर बरं झालं असतं. उडालेली बरीचशी दुपटी परत मिळाली होती, पण पंधरा ऑइलने कायमची गेली होती. अश्लेषाने आपल्या तीन नव्या सुती साड्या काढल्या, ज्यांची अजून घडीही मोडली नव्हती, आणि त्या नळाखाली आठवडाभर रोज धुतल्या. वीसपंचवीस वेळा म्हणजे वीसपंचवीस वेळा. पामेलाने टाचणी लावायची म्हणजे फोन फिरवायचा. आपण लावायची तर हात सोलवटायचे, हा कुठला न्याय, असं ती नळाला विचारत होती.

दुपटी खोक्यात भरायच्या दिवशी मीराबाई वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगो, नुसती दुपटी पाठवतेस? बाळंतिणीला? रिकाम्या हाताने?"

"काकू, त्यांनी कापडच मागितलंय."

"ते मागतील कापड. त्यांना काय ठाऊक, आपल्याकडून जातंय! दुपटं गेलं की बाळंतविडा जातो. आळीव नको? डिंक नको? शतावरी नको? उद्या त्या बायका म्हणतील, पाठवणारीला आई नव्हती की काय!"

अश्लेषाने निमूट सामानाची यादी करायला घेतली. शिवाय, खरं सांगायचं तर, अश्लेषाच्या डोक्यात एक वेगळाच दिवा लागला होता. पामेलाने विहिरी पाठवल्या, पत्रे पाठवले, औषधं पाठवली. पण बाळंतविडा? बाळंतविडा पामेलाला सुचला नव्हता. डिक्शनरीत तो नव्हताच.

रुवीच्या बाजारातून आळीव आला, डिंक आला, बाळंतशेपा, ओवा, सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि शतावरीची पूड. प्रत्येक दुपट्यात एकेक पुडी, हळदीचं एक बोट टेकवून. केतकीने दोनशे पुड्यांना दोरा बांधला. शेवटच्या पुडीला गाठ मारताना ती म्हणाली, "आई, तू पामेला आँटीपेक्षा जास्त पॅक केलंस." अश्लेषाला त्या दिवशी जेवायची गरजच वाटली नाही.

मग सुरू झाले कागद. माल बंदरातून सोडवणारा एजंट यूनुस होता, रत्नागिरीचा, चष्म्यावरून बघणारा.

"भाभी, पाठवणाराचं नाव?"

"अश्लेषा अजिंक्य सावरटकर."

"तुमचा व्हिसा कुठला?" त्याने शिक्का पाहिला आणि पेन टोपणात घातलं. "नाय चालायचं. तुम्हाला कामाची परवानगी नाय."

"हे काम थोडंच आहे? ही मदत आहे!"

"मदत करायला पण काम करायला लागतं ना भाभी," यूनुस म्हणाला, आणि यात तर्काची चूक कुठे आहे हे बी.कॉम. फर्स्ट क्लासला सापडलं नाही. पाठवणाराच्या रकान्यात लिहिलं गेलं: पामेला लोपीस.

तीन दिवसांनी बंदरावरून बोलावणं आलं. खोकी उघडली होती. कस्टमच्या शेडमध्ये लांबलचक टेबलावर दोनशे पुड्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत काही बिया, काही पिवळट खडे आणि पांढरट पूड. टेबलामागे एक अधिकारी बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपल्याला बढती मिळणार असल्याची गंभीर चमक होती.

पामेला सोबत आली होती, ऑफिसचे कपडे घालून, फाइल घेऊन. इंग्रजी, हिंदी आणि थोडं अरबी अशा तिन्ही भाषांत ती समजावत होती. पण डिंकाचं अरबी तिला येईना. तेव्हा अश्लेषा पुढे झाली. हिंदीत म्हणाली, "साहब, ये बच्चा होने के बाद खाते हैं," आणि पोटावरून हात फिरवून मग हातांची झोळी केली.

अधिकारी ताडकन उठला. त्याने तिला स्वतःची खुर्ची दिली. कोणीतरी पंखा वळवला. कोणी खजूर आणले, कोणी काहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी. "मदाम, बैठो, बैठो. कौन सा महिना?"

"माझा नाही हो!" अश्लेषा मराठीत ओरडली. पामेलाने फाइल तोंडापुढे धरली होती, आणि ती फाइल हलत होती.

खुलासा व्हायला दोन काहवा लागले. मग अधिकाऱ्याने चिमूटभर आळीव तळहातावर घेऊन चोळला, वास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची बढती निघून गेली. "रशाद!" तो आळिवाचं अरबी नाव घेत म्हणाला. "ये तो हमारे यहाँ भी। मेरी माँ सब बहुओं को देती है।" क्षणभर तो अगदी घरातला माणूस झाला. मग पुन्हा गणवेशात शिरला. बिया परदेशी पाठवायच्या तर शेतकी खात्याचा दाखला हवा. पूड पाठवायची तर तिची तपासणी हवी. कपडा जाईल, इन्शाल्ला, आजच्या बोटीने. पुड्या खलास. आणि त्यातलं जे दुपट्यांत सांडलंय, ते पाठवणाऱ्यानेच साफ करायचं.

दोघी शेडच्या जमिनीवर बसल्या आणि दुपट्यांमागून दुपटी उलगडून ओवा, शेपा, खोबऱ्याचे सांडलेले तुकडे झटकू लागल्या. पामेलाचा इस्त्रीचा स्कर्ट धुळीत लोळत होता.

"माझी रोशेल झाली ना," ती मधेच म्हणाली, "तेव्हा मम्मीला व्हिसा नाही मिळाला. नवऱ्याला, मॅक्सिमला, काही कळत नव्हतं. त्याने बेकरीतून ब्रेड आणला आणि म्हणाला, गरम आहे, खा." ती हसली. "आता रोशेल मम्मीकडेच आहे वसईला. वर्षाला एक महिना भेटते. म्हणून तुझ्या केतकीला मी जरा जास्तच बोलावते. तुला राग येत नाही ना?"

"छे!" अश्लेषा म्हणाली आणि आळिवाची एक पुडी गुपचूप पामेलाच्या पर्समध्ये सरकवली. तिचा मत्सर मात्र तेवढ्याने गेला असं नाही. मत्सराचं असं असतं, की समोरचं माणूस चांगलं निघालं म्हणून तो कमी होत नाही, त्याची फक्त पंचाईत होते. वाईट माणसाचा हेवा करणं किती सोयीचं!

बोट गेली. एक महिना गेला. दुसरा अर्धा गेला. रोज दुपारी फॅक्स वाजला, की आता केतकीऐवजी अश्लेषाच उठून बसायची. विहिरीचा फॅक्स येई, पत्र्यांचा येई, बियाण्यांबद्दलची तक्रारही येई. नदीकाठच्या त्या टाचणीचा रंग पांढराच.

आणि मग ऑगस्टमधल्या एका दुपारी पामेलाने भिंतीवर थापा मारल्या. "अश्लेषा! ये! तुझा आलाय!"

पाच मिनिटांत सगळी त्या खोलीत होती. जेवायला आलेला अजिंक्य, व्हिसाची मुदत वाढवून घेतलेल्या मीराबाई, निळी टाचणी मुठीत धरलेली केतकी. पामेला डिक्शनरी घेऊन एकेक ओळ सोडवत होती.

"दोनशे कापडं मिळाली. फार मऊ आहेत. बाळं रडत नाहीत, असं लिहिलंय. सिस्टर म्हणते, असं कापड आम्हाला कधीच कोणी पाठवलं नव्हतं."

केतकीने खुर्चीवर चढून पांढरी टाचणी काढली आणि निळी लावली, इतकी जोरात, की ती भिंतीत शिरली. "आईची पिन!" ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अजून एक ओळ आहे," पामेला म्हणाली, आणि थांबली. डिक्शनरीची पानं उलटायला लागली. मग तिने डिक्शनरी मिटलीच. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"वाच की," अजिंक्य म्हणाला.

"तुमच्या कापडात गुंडाळलेली पहिली मुलगी झाली. आम्ही... पाठवणाऱ्या बाईच्या आठवणीसाठी... तिचं नाव पामेला ठेवलं."

 

"मी आत्ता फॅक्स करते," पामेला घाईघाईने म्हणाली. "त्यांना सांगते, चूक झाली, तिचं नाव बदला. अश्लेषा ठेवा."

"नको गो बाय!" मीराबाई कडाडल्या. "आश्लेषा नक्षत्राची शांत करावी लागते. तिथे भटजी कुठून आणतील बिचारे!"

अजिंक्य खोकला. पामेलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. अश्लेषालाही हसू यायला लागलं, ते तिने आवरलं, कारण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी येत होतं. दोनशे दुपटी, तीन कोऱ्या साड्या, एक धोतर. आणि दूर कुठल्याशा नदीकाठी त्या कापडात निवांत झोपलेली एक काळीसावळी चिमुरडी पामेला.

केतकी खुर्चीवरून उतरली. तिने एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा पामेलाकडे. मग ती आईजवळ आली, तिच्या गाऊनचा कोपरा धरला आणि आपल्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द जपून जुळवत विचारलं,

"आई, ती बेबी पामेला मोठी होईल ना, तेव्हा तिला कोण सांगणार, की तिचं दुपटं तू केलं होतंस?"